तेलाचा तिसरा हात

मधुवंती हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या त्या रंगांच्या दुकानात शिरली ती मुंग्यांची पावडर मागायला. प्रेमात पडायला लोक हल्ली याहून बरी ठिकाणं शोधतात म्हणे. पण तिला त्या दिवशी फक्त मुंग्या घालवायच्या होत्या.

“अण्णा, मुंग्यांची पावडर आहे?”

काउंटरमागचा माणूस कसल्याशा डब्याचं झाकण उघडत होता. पस्तिशीचा असेल, पण कानशिलांवर केस पिकलेले. झाकण सगळ्या बाजूंनी थोडं थोडं सैल करून, ते उचलून, कागदावर पालथं ठेवून मग त्यानं मान वर केली.

“कुठं झाल्यात, अक्का?”

“अंगणातल्या बाकावर.”

“कशाचा बाक?”

“सागवानी.”

“सागवानाला मुंगी लागत नाही.”

“आमच्या लागली आहे.”

“मग त्याला काय लावलंत?”

मधुवंती धारवाडच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत असे. साठ पोरं तिच्या नजरेला नजर देत नसत. आता मात्र तीच थिनरच्या बाटल्या मोजत उभी राहिली.

“शेंगाचं तेल,” ती म्हणाली. “आईनं.”

बोलता बोलता काढलेला पावडरीचा डबा त्यानं पुन्हा फळीवर ठेवला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही, पण डोळे… डोळे हसले, अशी तिला शंका आली. पावडर नको, उद्या बाकच बघायला येतो, असं म्हणून त्यानं कार्ड पुढे केलं. कार्डावर नाव होतं प्रभंजन. म्हणजे वादळ. डब्याचं झाकण उघडायला तीन मिनिटं घेणारं वादळ तिनं पहिल्यांदाच पाहिलं. तिनं नंबर फोनमध्ये घातला : ‘प्रभंजन अण्णा तेल’.

‘अण्णा’चं फार मनावर घ्यायचं कारण नव्हतं. हुबळीत रिक्षावाला अण्णा असतो, बँकेचा मॅनेजर अण्णा असतो, आणि गाडी अडवणारा पोलीस तर फारच अण्णा असतो. त्या शब्दात नातं नसतं, सोय असते. त्यानं दिलेलं ‘अक्का’ ही त्याची सुटी मोड. दोघांचा हिशेब तिथंच मिटायला हवा होता.

बाकाची गोष्ट अशी. मधुवंतीचे वडील, अप्पा, जंगल खात्यातून निवृत्त झाले तेव्हा दांडेलीहून एक सागवानी बाक आणि दोन खुर्च्या घेऊन आले. उणकल तळ्याजवळच्या नव्या घराला अंगण आहे, हे येणाऱ्याला कळावं म्हणून आईनं, म्हणजे विमलबाईंनी, ते तिन्ही नग अंगणात मांडले. चार पावसाळे गेले. लाकूड राखाडी झालं, पायांशी शेवाळ धरलं, आणि कुणाचं काही अडलं नाही. मग पुण्याचं स्थळ आलं. एकतीस वर्षांच्या मुलीला बघायला पुण्याची माणसं हुबळीला येणार, त्यांना तळ्याकडच्या वाऱ्यात अंगणात बसवायचं, असं ठरलं. विमलबाईंनी बाक सोडा टाकून तारेच्या घासणीनं घासला, त्यावर काळे डाग पडले. ते झाकायला त्यांनी शेंगाचं तेल चोळलं. डोक्याला चालतं ते लाकडाला का चालू नये, हा त्यांचा मुद्दा होता. मुंग्यांनी तो लगेच मान्य केला.

गुरुवारी प्रभंजन आला, बाकाभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि उकिडवा बसला.

“काकू, कशानं घासलंत?”

“तारेच्या घासणीनं. का हो अण्णा?”

“तिचे तुकडे आत रुतलेत. ते गंजले, म्हणून हे डाग. सागवानाला लोखंड सोसत नाही.” मग जरा थांबून, “पण जाईल. सगळं जाईल. लाकूड चांगल्या मनाचं आहे.”

विमलबाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी तिथंच मूळ गाव विचारून घेतलं. निपाणी, आजोबा हुबळीला आले, दुकान टाकलं, घरात आई, धाकटी बहीण धारवाडला दिली. चहा गाळून होईपर्यंत त्यांच्याकडे तीन पिढ्या जमा झाल्या होत्या.

अप्पा प्लास्टिकच्या खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी पेपराआडूनच मत दिलं की सागवान राखाडी झालं तर होऊ द्यावं, त्याला काही होत नाही.

“हौदु री, खरं आहे,” प्रभंजन म्हणाला. “ते कुजत नाही, नुसतं पिकतं. केस पांढरे झाले म्हणून माणूस कुजला का?”

त्याच्या कानशिलांकडे बघत मधुवंती म्हणाली, “मग तुम्हालाही तेल नको म्हणायचं?”

तो लाजला. पस्तिशीचा, निपाणी मुळाचा, रंगविक्रेता माणूस कानापर्यंत लाजला. अप्पांनी पेपराची घडी केली, आणि ते दृश्य नीट बघून पुन्हा उघडली.

काम सावकाश चाललं. आधी टर्पेंटाइननं शेंगाचं तेल काढलं. मग साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश, तोही लाकडाच्या रेषेच्या बाजूनंच. आडवा हात मारला की लाकूड रुसतं, असं तो म्हणे. काळ्या डागांवर त्यानं एक पांढरी पूड पाण्यात कालवून लावली, धुतली, आणि डाग गेले. खरोखरच गेले. विमलबाईंनी सुटकेचा असा श्वास सोडला की शेजारच्या शांताबाईंनी काय झालं म्हणून विचारलं.

मग लाकूड दोन दिवस वाळायचं होतं. वाळणाऱ्या लाकडाला माणूस लागत नाही. तरी प्रभंजन रविवारी एकदा आणि सोमवारी दोनदा ‘वाळलं का बघायला’ येऊन गेला. मंगळवारी काचपेपर लावायचा होता. मधुवंतीचा तास दुपारी असल्यामुळे, किंवा तिनं तो दुपारी घेतल्यामुळे, एक खुर्ची तिच्या वाट्याला आली.

“उलटं घासताय.”

“रेषेच्याच बाजूनं घासते आहे.”

“दाबताय फार. विद्यार्थी नाहीत ते.”

“तुम्ही कधी बसलात माझ्या तासाला?”

“बसलो असतो… पण पास झालो नसतो.”

“का?”

त्यानं भुसा फुंकरला, तो उडून तिच्या पापण्यांवर बसला. तो रुमाल काढायला गेला, रुमालाला तेलाचा वास होता, म्हणून त्यानं तो परत खिशात ठेवला… आणि ती डोळे मिटून उगाच थोडा वेळ थांबली. काही झालं नाही. पण काही न होणं इतकं लांबतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

बुधवारी तेलाचा पहिला हात. सुती फडक्यानं पातळ तेल लावायचं, पाऊण पेला चहा पिऊन होईपर्यंत थांबायचं, जास्तीचं पुसून घ्यायचं. राखाडी लाकडातून मधाचा रंग हळूहळू वर आला. तेलकट फडकी तो पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवी. नुसती टाकली तर आपोआप पेटतात म्हणाला. मधुवंतीला त्या फडक्यांची अवस्था चांगलीच समजली.

अडचण सुरू झाली ती हाकेपाशी. ‘अण्णा’ तिच्या तोंडून निघेना. नुसतं ‘प्रभंजन’ म्हणण्याइतकी ओळख नव्हती, ‘प्रभंजनराव’ म्हटलं तर तो नातेवाईकाच्या लग्नातला माणूस वाटला असता. मराठीत मग एकच शब्द उरतो, आणि तो निरुपद्रवी आहे अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

“अहो, पाणी आणू का?”

“अहो, उन्हात का बसता? इकडे सावलीत या की.”

स्वयंपाकघराची खिडकी अंगणात उघडते, हे तिच्या ध्यानात राहिलं नाही.

गुरुवारी पुण्याहून फोन आला. मुलाची आई फार गोड बोलली. रविवारी अकराला येतो म्हणाली. आणि जाता जाता विचारलं, तुमच्याकडे घरात मराठी बोलता ना, की कानडीच? म्हणजे मुलीच्या बोलण्यात तो हेल वगैरे नाही ना? विमलबाई ‘नाही हो’ म्हणाल्या, फोन ठेवला, आणि त्या दिवशी आमटीत दोनदा मीठ पडलं.

शुक्रवारी दुसरा हात झाला. शनिवारी प्रभंजन नुसता बघायला आला. बाकावरून तळवा फिरवला. तळवा कोरडा निघाला.

“झालं. आता वर्षभर बघायला नको.”

वर्षभर. मधुवंतीनं मनात गणित केलं, तिला ते येत होतं. उद्या अकरा वाजता पुणं. आज हा डबे उचलून जाणार. मुंग्या तर कधीच गेल्या. याला पुन्हा या अंगणात बोलवायला तिच्याजवळ एकही कारण उरत नव्हतं.

तो फडक्याची घडी घालत होता. चारदा घातली.

“अहो…”

“काय?”

“अजून एक हात द्या ना.”

“दोन पुरतात. तिसरा लाकूड पीत नाही, तो वरच राहतो. उद्या संध्याकाळपर्यंत चिकट राहील.”

“माहीत आहे.”

“पण उद्या पाहुणे—”

“माहीत आहे.”

“मग ते बसणार कुठं?”

“बसूच नयेत…” ती म्हणाली. उरलेलं तिनं बाकाला सांगितलं. “असं मला वाटतं.”

घरात सोफा होता, चार खुर्च्या होत्या, शांताबाईंकडून आणखी आल्या असत्या. बाक ओला आहे म्हणून हुबळीच्या घरातून पाहुणा परत गेल्याचं कुणी ऐकलेलं नाही. हे दोघांनाही कळत होतं. प्रभंजननं तिच्याकडे बघितलं. मग वाकला, आणि डब्याचं झाकण एका झटक्यात उघडलं. ते उडून तुळशीपाशी जाऊन पडलं. नाव ठेवणाऱ्यांनी अगदीच चूक केली नव्हती.

“मधू,” खिडकीतून विमलबाईंचा आवाज आला, “अण्णाचं अहो कधी झालं गं?”

फडक्यातून तेलाचा एक थेंब फरशीवर पडला. अप्पांचा पेपर वर गेला.

“बुधवारपासून ऐकते आहे,” विमलबाई म्हणाल्या. “चाळीस वर्षं मी ह्यांना अहो म्हणते. त्या शब्दाचा वास कळतो मला.” मग प्रभंजनकडे वळून, “आणि तुम्ही? हिला अक्का म्हणायचं कधी सोडलंत?”

“सोमवारी,” तो म्हणाला.

मधुवंती चमकून त्याच्याकडे बघत राहिली. सोमवारी… दोनदा येऊन गेला तो सोमवार. ती आठवायला लागली, आणि खरंच, त्या दिवसापासून त्यानं तिला कुठलीच हाक मारली नव्हती.

“मग बोलला का नाहीत?” तिनं विचारलं.

“वाळू द्यावं म्हटलं.”

विमलबाई खिडकीतून नाहीशा झाल्या. आत फोन लावल्याचं ऐकू आलं. आता काय होणार ते ऐकायला अंगणात तिघंही श्वास धरून उभे. अप्पा बसल्या बसल्या. नमस्कार-चमत्कार झाले आणि विमलबाई अत्यंत शुद्ध मराठीत म्हणाल्या की उद्या येऊ नका, आमच्याकडे बसायचं लाकूड ओलं आहे. पलीकडून बहुधा कधी वाळेल असं विचारलं गेलं.

“सांगता येत नाही हो,” विमलबाई म्हणाल्या, आणि पुढचं आपल्या खास हेलात, “सागवान आहे की ते.”

फोन ठेवल्याचा आवाज झाला. बसावं म्हटलं तर बाक आणि खुर्च्या तशा कोरड्या होत्या, पण त्यावर बसायचं दोघांनाही सुचलं नाही. दोघं मागच्या दाराच्या पायरीवर बसली. मध्ये तेलाचा डबा.

“खरं तर,” अप्पा पेपराआडून म्हणाले, “तिसरा हात नाहीच लागत.”

“नाही लागत,” प्रभंजन म्हणाला. “मधुवंती…”

पहिल्यांदाच. त्यानं ते नाव घाई न करता, रेषेच्या बाजूनं उच्चारलं.

“काय?”

“तरी देऊ?”

“द्या,” ती म्हणाली. “पुण्यानं मन बदललं तर?”

तो हसला. या वेळी शंकेला जागा नव्हती. तेवढ्यात आतून कपबशा वाजल्या. गेल्या आठवड्यातल्या गुरुवारपासून या शनिवारपर्यंत रोज विमलबाईंनी याच खिडकीतून ‘अण्णा, चहा’ अशी हाक मारली होती. मधुवंती कान देऊन बसली.

“प्रभंजन,” विमलबाईंनी विचारलं, “चहात साखर किती घालू?”

मधुवंतीनं दहा दिवस धरून ठेवलेला श्वास सोडला.