आतल्या कडेची झीज

मंगली मेश्राम चपला दाराबाहेर काढून कचेरीत आली आणि बसायच्या आधीच तिनं घडी घातलेला एक कागद टेबलावर ठेवला.

"बाई, माह्या नवऱ्यानं चूक केली असंन तर या कागदात दिसंन. नसंन केली तर तेबी दिसंन. मले वाचता येते, पन समजत नाई."

ललिता आत्राम यांनी कागद उलगडला. चंद्रपुरात खासगी तपासाचं काम करणाऱ्या त्या एकट्याच बाई. त्याआधी पंधरा वर्षं विम्याच्या दाव्यांसाठी मोडक्या गाड्या तपासत आसपासचे जिल्हे फिरलेल्या. शेजारी वारलूभाऊ गेडाम बसले होते, मागच्या जूनमध्ये पोलिसातून निवृत्त झालेले हवालदार. जीप चालवायची, वही लिहायची आणि बाईंच्या आधी चुकीचं उत्तर सांगायचं, ही त्यांची तीन कामं. तिन्ही ते मनापासून करत.

प्रकरण गावभर झालं होतं. खनिज वाहतुकीच्या ठेकेदाराचा मुलगा प्रफुल मागच्या मंगळवारी दुपारी नागपूरहून परत येत होता. वरोऱ्याजवळ, ताशी दीडशेच्या वेगात, त्याच्या स्पोर्ट्स कारचं पुढचं डावं टायर फुटलं. गाडी पुलाच्या कठड्यावर गेली. पोरगा जागीच संपला. टायर आतल्या कडेनं तारा दिसेपर्यंत झिजलेलं निघालं. सात आठवड्यांपूर्वी नवी टायरं बसवून चाकांचं अलाइनमेंट करणारा मेकॅनिक होता पवन, मंगलीचा नवरा. पोलिसांनी त्याला उचललं आणि दुकानाला सील लावलं.

"जामीन झाला नाई," मंगली म्हणाली. "ठेकेदाराचा वकील म्हनते, ही चूक नोय, पैसे घेऊन केलेला खून हाय. बाई, जलमभर आत टाकतीन म्हनते."

"अलाइनमेंट मशीनच्या या कागदाप्रमाणे चाकं अगदी सरळ आहेत," ललिताबाई म्हणाल्या.

"सरळच करतेत ते. काम झालं का नटावरून दांडीवर पांढऱ्या रंगाची रेघ मारतेत. लोक हासतात, काऊन रे पवन, नटाले कुंकू लावते का?"

हे सांगताना तिला हसू आलं आणि पुढच्याच क्षणी ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. वारलूभाऊंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. बाईंनी जीपची चावी उचलली.

*

ठाण्याच्या आवारात ती गाडी पडली होती. हळदीसारखा पिवळाजर्द रंग. सगळ्या मुलखात या रंगाची दुसरी गाडी नव्हती. शाबूत असलेलं उजवं चाक बाईंनी पूर्ण वळवायला लावलं, तेव्हा कुठे त्याची आतली कड दिसली. बाहेरून टायर नवंकोरं, रबराचे केस तसेच. आतून मात्र तारा निघालेल्या.

"हेबी तसंच!" वारलूभाऊ म्हणाले. "म्हणजे पवननं दोन्हीकडं घाण केली."

"हात फिरवा भाऊ. इकडून, मग उलटा."

एकीकडून हात गुळगुळीत गेला. उलटा फिरवल्यावर तळव्याला करवतीचे दाते लागले.

"चाक लोळत नव्हतं, घासत होतं. पाय फाकवून चालणाऱ्याची चप्पल कशी एका कडेलाच झिजते, तसं. पुढची दोन्ही चाकं बाहेर फाकलेली होती."

बाई टॉर्च घेऊन गाडीखाली शिरल्या. वारलूभाऊंनीही ओणवं होऊन पाहिलं. चाकाची दिशा धरून ठेवणाऱ्या दांडीवर पांढरी रेघ होती आणि नटावरही होती, पण दोन्ही तुकडे समोरासमोर नव्हते. मध्ये दोन बोटांचं अंतर. दुसऱ्या चाकाकडेही तेवढंच.

"पवनच्या नंतर कोणीतरी पाना लावला," बाई म्हणाल्या. "आणि दोन्हीकडे मोजून."

चोर सोडून संन्याशाला सुळी दिली जात होती, एवढं वारलूभाऊंनाही कळलं.

*

ठेकेदाराच्या बंगल्यात सुतक होतं. बाहेर प्रफुलचा चुलतभाऊ हेमराज भेटला. प्रफुलनंतर आता सगळा धंदा याच्याच हातात येणार होता. वारलूभाऊंनी मनातल्या मनात त्याला बेड्या घातल्यासुद्धा.

"भांडत होतो आमी, खोटं काऊन बोलू?" हेमराज म्हणाला. "सगळा ऑफिस जानते."

"गाडीत हवा कोण भरायचं?"

"मीच. आठ दिवसांनी पंपावर न्यायचो."

"चालवताना एका बाजूला ओढायची?"

"नाई. स्टेरिंग एकदम सीधा. पन शंभराच्या वर गेली का सैरभैर व्हायची. पंधरा दिवस झाले, मीच नागपूरले नेली होती. एकशेचाळीसवर घाम फुटला मले. प्रफुलले म्हटलं, तर तो हासला."

"पुढचा डावा दिवा नंतर बसवलेला दिसतो."

"मागच्या वर्षी, मोहफुलांच्या दिवसात. आलापल्लीकडून येताना पहाटे जंगलातून रोही आडवी आली म्हने. दिवा गेला, बंपरचा कोपरा गेला."

"गाडीची देखभाल?"

"बुधू करते. दिवाळीपासून कामाले हाय. हवा सोडली तं गाडीले कोनाले हात लावू देत नाई. प्रफुल चाकं वाकडी टाकून उतरायचा, का हा लगेच आत बसून चाकं सीधी करायचा. लई शिस्तीचा मानूस."

बुधू पोर्चच्या मागच्या खोलीत राहत होता. पन्नाशी ओलांडलेला, केस पांढरे, वाळल्या सागासारखा ताठ. खोलीत एक खाट, नायलॉनच्या दोरीचं वेटोळं, भिंतीला टेकवलेले फरशीचे दोन तुकडे. फरश्यांना ग्रीस लागलेलं. कोनाड्यात रॉकेलची चिमणी आणि तिच्यामागे प्लास्टिकचा एक पिवळा तुकडा, काजळीनं अर्धा काळा झालेला.

"गाडीचं काम येते का?" बाईंनी विचारलं.

"नाई बाई. मी धुतो, पुसतो."

"याआधी?"

"अहेरीकडं ट्रॅक्टरवर होतो. बावीस वर्सं."

"घरी कोण?"

"कोनी नाई."

निघताना तो वारलूभाऊंकडे पाहून म्हणाला, "साहेब, तुमी मले ओळखलं नाई."

"अरे, खात्यात हजार माणसं पाहिली, बाबा."

"असू द्या," बुधू म्हणाला.

जीपमध्ये बसताच वारलूभाऊंनी निकाल दिला. "बाई, हेमराजच. फायदा त्याचा, हवा त्याच्या हातात. त्या म्हाताऱ्याकडं काय, कपडे वाळवायची दोरी अन् दोन फरश्या!"

एरवी बाईंनी त्यांची फिरकी घेतली असती. आज त्या बाहेर फुललेल्या पळसाकडे बघत राहिल्या. वारलूभाऊंना ते बरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी बाई त्यांना न घेताच कुठेतरी जाऊन आल्या. कुठे, ते सांगितलं नाही.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी पोर्चमध्ये पाच माणसं जमली: तपास करणारे इन्स्पेक्टर, हेमराज, मंगली, बुधू आणि वही घेऊन वारलूभाऊ. ललिताबाई उभ्याच राहिल्या.

"खड्ड्यात आपटून दांडी वाकली तर एक चाक बिघडतं. इथे दोन्ही चाकं सारखीच बिघडलेली, म्हणून हा रस्त्याचा दोष नाही. हवा कमी ठेवली तर टायर दोन्ही कडांनी झिजतं, जास्त भरली तर मधोमध. इथे झिजली फक्त आतली कड, म्हणून हवा भरणाऱ्याचाही हात नाही. शिवाय हेमराजनं हीच गाडी एकशेचाळीसवर नेली. टायर आतून मेलंय हे माहीत असलेला माणूस स्वतः त्यात बसून मरायला जात नाही."

हेमराजनं कपाळावरचा घाम पुसला.

"पवननं चूक केली असती, तर त्याची रेघ अखंड राहिली असती. ती तुटली. म्हणजे नट नंतर सैल झाला, दांडी फिरली, नट परत आवळला गेला. दोन्हीकडे अगदी सारखं, म्हणून स्टेरिंग सरळ राहिलं आणि कोणाला शंका आली नाही. मशीनशिवाय इतकं मोजून कोण करेल?"

इन्स्पेक्टर म्हणाले, "मशीनशिवाय होतच नाही."

"ट्रॅक्टरवाले करतात, साहेब. चाकाच्या कडेनं दोरी ताणायची आणि तिच्यापासून अंतर मोजायचं. चाक जमिनीवर अडू नये म्हणून खाली ग्रीस लावलेल्या दोन फरश्या. दोरी इथे आहे, फरश्या इथे आहेत. आणि रोज चाकं सरळ करून ठेवणारा माणूस इथे आहे. चाक वाकडं राहिलं असतं तर आतली कड दिसली असती."

सगळे बुधूकडे वळले. तो जागचा हलला नाही.

"पन काऊन?" हेमराज ओरडला. "प्रफुलनं काय बिघडवलं याचं?"

बाईंनी कोनाड्यातला तो पिवळा तुकडा आणला. "गाडी मोडून आठ दिवस होतात. याच्यावर दहा महिन्यांची काजळी आहे. हा तुकडा या अपघातातला नाही, त्या रोहीच्या वेळचा आहे." त्यांनी पिशवीतून काल आलापल्लीच्या ठाण्यातून आणलेली पंचनाम्याची झेरॉक्स काढली आणि वारलूभाऊंसमोर धरली. आवाज अगदी हळू झाला. "हे तुम्ही वाचा, भाऊ. अक्षर तुमचंच आहे."

वारलूभाऊंनी वाचायला सुरुवात केली. मयत सोमारी, वडील बुधू, वय सतरा. पहाटे रस्त्याकडेला मोहफुलं वेचत असताना... धडक... शेवटचे दोन शब्द त्यांना वाचवेनात. त्यांना ती सकाळ आठवली, फुलांची उलटलेली टोपली आठवली, आणि टोपलीशेजारी पिवळा तुकडा हातात धरून उभा असलेला माणूस. तेव्हा त्याचे केस काळे होते.

"अज्ञात वाहन," बुधूनंच पुरं केलं. "साहेब, मी तुमाले तुकडा देला. तुमी वापस देला. म्हटलं, असे रंग हजार गाड्याले राह्यते, मोठ्या लोकायच्या नादी लागू नको."

मग तो बाईंकडे वळला.

"मी गाडी हुडकली. कामाले लागलो. पोट्टा वाईट नोता, बाई. मले बुधूकाका म्हने." तो शांतपणे बोलत होता. "नवे टायर लागले त्या रात्री पाना लावला. मंग रोज सकाळी चाकाच्या आत हात घालून पाहो, किती उरलं. अन् रोज त्याले इचारो, मालक, हा दिवा कसा फुटला होता? तो म्हने, रोही आडवी आली. रोज. एक दिवस जरी म्हटला असता का पोरगी होती, तर त्याच टायमाले नट फिरवला असता. देवाची आन. सात हप्ते वाट पाह्यली मी."

"आणि हेमराज त्यात बसला, तेव्हा?" बाईंनी विचारलं.

बुधूची मान पहिल्यांदा खाली गेली. "त्या दिवशी दिवसभर जेवलो नाई." मग तो मंगलीकडे वळला. "तुह्या नवऱ्याले धरतीन असं नोतं वाटलं, माय. मी येनारच होतो सांगाले. पोट्ट्याची तेरवी होऊ द्यावं म्हटलं."

मंगलीचा नवरा सुटणार होता. गेले आठ दिवस तिनं दुसरं काही मागितलं नव्हतं. तरी ती खाली बसली आणि बुधूच्या पायांकडे बघत राहिली.

शिपायानं बुधूला जीपमध्ये बसवलं. इन्स्पेक्टर कागद आवरू लागले, तेव्हा वारलूभाऊ पुढे झाले. वही त्यांनी खुर्चीवर ठेवून दिली होती.

"साहेब, माझा जबाब लिहा."

"तुमचा कशाला, गेडाम?"

"मागच्या वर्षी हा तुकडा माझ्यापुढे आणला होता. मी तो जप्त केला नाही. ठेकेदाराची गाडी असणार, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी भ्यालो."

ललिताबाई चमकून त्यांच्याकडे पाहू लागल्या. एवढं त्यांनाही माहीत नव्हतं.

"पेन्शनवर येईल," इन्स्पेक्टर म्हणाले. "विचार करा. आता लिहून ती पोरगी परत येणार नाही."

"लिहा, साहेब."

इन्स्पेक्टरांनी कागद पुढे ओढला. तारीख लिहिली, ठिकाण लिहिलं, मयताचं नाव लिहिलं. मग पेन थांबवून विचारलं, "वाहन?"

वारलूभाऊंनी रंग सांगितला, मालकाचं नाव सांगितलं आणि गाडीचा नंबर एकेक आकडा सावकाश उच्चारून सांगितला. जीप अजून फाटकातच उभी होती, आणि बुधूला ते ऐकू जात होतं.