चार एकरांपुरता ट्रॅक्टर

मैत्रेयीला तो पहिल्यांदा दिसला, तेव्हा दिसले फक्त त्याचे पाय. यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसी रस्त्यावरच्या ट्रॅक्टर शोरूममध्ये एका ट्रॅक्टरखाली तो उताणा पडून काहीतरी आवळत होता, आणि बाहेर आले होते ते ग्रीस लागलेले दोन बूट.

तसं तिकडे लक्ष जायचं कारण नव्हतं. पण तिला दुसरं काही कामच उरलं नव्हतं. सेल्समन अर्ध्या तासापासून तिच्या देवरावमामाशी बोलत होता. शेत कसत होती मैत्रेयी, ट्रॅक्टर घ्यायचा होता मैत्रेयीला. तरी तो माणूस मामाला ‘साहेब, साहेब’ करत होता आणि तिच्यापुढे नुसता चहाचा कप सरकवत होता. मामा पंचेचाळीस हॉर्सपॉवरच्या लालभडक धुडाभोवती फेऱ्या मारत होता. हा दारात उभा राहिला म्हणजे गावात वट राहील, असं त्याचं म्हणणं.

शेवटी मैत्रेयीनेच मध्ये विचारलं, की आमची वावराकडे जाणारी पांदण अरुंद आहे, हा तिच्यातून जाईल का. सेल्समन हसला. ट्रॅक्टर आहे ताई, रस्ता करतच जातो, म्हणाला.

“पांदण किती फुटाची हाय?”

आवाज बुटांकडून आला होता.

“सहा,” मैत्रेयी म्हणाली. “नाल्याजवळ साडेपाचच.”

“अन् वावरात काय हाय?”

“तीन एकर पऱ्हाटी अन् तूर. एक एकर संत्रा.”

बूट हलले. मग माणूस बाहेर आला. सावळा, कुरळ्या केसांचा, गालावर काळा ओरखडा. त्याने हात पुसले आणि मामाकडे नाही, सेल्समनकडे नाही, सरळ तिच्याकडे पाहिलं.

“हा तुमच्या कामाचा नाई मॅडम. पांदणीत अडकते, अन् संत्र्याखाली गेला तर फांद्या मोडून टाकते.”

सेल्समनचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मामा रागावला. मैत्रेयीला मात्र त्या अर्ध्या तासात पहिल्यांदाच वाटलं, की आपण इथे आलो आहोत.

त्याचं नाव संघर्ष. शोरूममध्ये मेकॅनिक होता, मूळचा फुलसावंगीचा, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचा. निघताना तिने त्याला नंबर मागितला. “भाऊ, तुम्हीच सांगा मग कोणता घ्यावा ते,” म्हणाली. त्याने नंबर दिला, पण वावर पाहिल्याशिवाय सांगणार नाही म्हणाला.

मैत्रेयीचं गाव बाभुळगावच्या पलीकडे. वडिलांच्या, भीमराजच्या, पाठीचं ऑपरेशन झालं आणि घरची बैलजोडी विकावी लागली, त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून सगळं भाड्याच्या ट्रॅक्टरवर. आणि भाड्याचा ट्रॅक्टर चार एकरांच्या वावरात नेहमी शेवटी येतो. वळायला जागा नाही, पांदण वाईट, आधी मोठ्यांची कामं होऊ द्या… शेजारच्या कपाशीची पऱ्हाटी वीतभर वर यायची, तेव्हा हिच्या वावरात पेरणी व्हायची. नातेवाईक म्हणत, वावर ठोक्याने, वर्षाच्या ठरलेल्या रकमेवर, देऊन टाका आणि पोरीचं लग्न लावा. भीमराज सांज झाली की धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, जाऊन बसत असे. मैत्रेयी यवतमाळला बीए झाली होती, नोकरीचे दोन अर्जही करून झाले होते. पण संत्र्याच्या गेल्या दोन बहरांचे पैसे हाती आले तेव्हा तिने ठरवलं. वावर आपणच कसायचं.

रविवारी संघर्ष आला तो खिशात मोजपट्टी घेऊन. फेब्रुवारी संपत आला होता. संत्र्याला आंब्या बहराची फुलं लागली होती आणि बागेत शिरलं की त्या वासाने डोकं जड व्हायचं. भीमराजला जयभीम घालून तो आधी पांदण मोजायला निघाला. पट्टीचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं तिच्या. मग संत्र्याच्या खालच्या फांदीची उंची. मग धुऱ्याशी वळायला किती जागा सुटते ते.

“पऱ्हाटीचं तास किती अंतरावर धरता?”

“तीन फूट.”

“चार धरा लागन. तीन फुटात लहानातला लहान ट्रॅक्टरही तण डवरायले जाणार नाई.”

मैत्रेयी धुऱ्यावर उभी राहून विचारात पडली. आजोबांपासून तीन फूटच धरत आले होते. ओळी कमी झाल्या तर झाडंही कमी होणार.

“म्हणजे मशिनसाठी मी वावर बदलू?”

“थोडं तुम्ही बदला,” तो पट्टी गुंडाळत म्हणाला, “थोडं मशीन बदलू. त्याची चाकं आत घेता येतात.” मग थांबून, खाली पाहत, “अन् मले भाऊ नका म्हणत जाऊ…”

“काहून?”

“नाव हाय ना मले.”

तिने नाव घेतलं नाही. पण त्या दिवसानंतर भाऊही म्हटलं नाही.

शोरूममधला नवा मिनी ट्रॅक्टर तिला आवाक्याबाहेरचा होता, आणि हे त्याने स्वतःच तिला सांगितलं. बाभुळगावात पुंडलिकराव नावाचे एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांनी बाग विकली, त्यांचा चोवीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर पडून आहे, तो पाहू, म्हणाला. शोरूममध्ये हे कळलं तर मालक काय म्हणेल, असं तिने विचारलं. त्यावर तो म्हणाला, मालकाला उद्या दुसरं गिऱ्हाईक भेटेल, तुम्हाला दुसरं वावर भेटणार नाही.

पुंडलिकरावांच्या गोठ्यात गेल्यावर त्याने सगळ्यात आधी बॉनेटवर तळहात ठेवला. मैत्रेयी पाहत राहिली. आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा तो हात होता.

“थंड हाय,” तो तिच्या कानाशी हळूच म्हणाला. “गिऱ्हाईक यायच्या आधी गरम करून ठेवला असता, तर समजायचं का चालू व्हायले त्रास देते.”

ट्रॅक्टर पहिल्याच चावीला सुरू झाला. मग त्याने मागची, अवजारं उचलणारी लिफ्ट वर-खाली करून पाहिली, तेल कुठे झिरपतं का ते पाहिलं, इंजिन किती तास चाललं ते दाखवणारा काटा पाहिला, कागदांवरचा आणि इंजिनावरचा नंबर जुळवला. टायर मागचे झिजले होते, ते त्याने लपवलं नाही. या हंगामाला चालतील, पुढच्या वर्षी बदलावे लागतील, म्हणाला. आणि मग बाजूला झाला. घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

मैत्रेयीने ट्रॅक्टरला एक फेरी मारली. निळा रंग उडालेला, सीट फाटलेली. देवरावमामाने पाहिला असता तर हसला असता. पण तिच्या डोळ्यांसमोर आली ती साडेपाच फुटांची पांदण, आणि तिच्यातून आरामात जाणारा हा.

“घेतला,” ती म्हणाली.

मार्चभर दर रविवारी तो तिला चालवायला शिकवायला येत राहिला. तिला मोटारसायकल येत होती, पण ट्रॅक्टरच्या क्लचचं काही जमेना. दणका बसून इंजिन बंद पडायचं, आणि मागे उभा असलेला संघर्ष मडगार्डला धरून स्वतःला सावरायचा.

“हळू सोडा. पाय एकदम उचलू नका.”

“हळूच तर सोडून राह्यली.”

“एवढ्या हळू? मग जोरात सोडलं असतं, तर मी आज नाल्यात असतो.”

ती हसली आणि इंजिन पुन्हा बंद पडलं. धुऱ्यावर बसलेला भीमराजही हसला. पोरीच्या हसण्यात काही निराळं आहे हे त्याला कळलं असावं. पुढच्या रविवारी तो तब्येतीचं निमित्त करून घरीच थांबला.

त्याच रविवारी मैत्रेयीने सगळं वावर एकटीने वखरलं. संत्र्यांच्या ओळीतून ट्रॅक्टर बाहेर काढून तिने तो थांबवला, तेव्हा तिच्या केसांत फुलांच्या पांढऱ्या पाकळ्या अडकल्या होत्या. संघर्षने हात पुढे केला… आणि मागे घेतला.

“मी शोरूम सोडून राह्यलो,” तो म्हणाला. “महिना संपला का फुलसावंगीले चाललो. स्वतःचं दुकान टाकतो. तिकडे ट्रॅक्टर लय झाले, पण दुरुस्तीले माणूस नाई. आई पण एकटीच हाय.”

“चांगलं हाय,” ती म्हणाली. आवाज आपलाच नसल्यासारखा.

“तुम्ही… याल का? म्हणजे, मागणी घालायले येऊ का मी?”

बागेत मधमाश्यांची गुणगुण तेवढी चालू होती. मैत्रेयीला हो म्हणायचं होतं. किती दिवसांपासून ते ओठांवर येऊन थांबलं होतं, हेही तिला त्याच क्षणी कळलं. पण तिच्या हाताखाली स्टिअरिंग होतं, अजून गरम.

“हा मी कायले घेतला, सांगा बरं?” ती म्हणाली. “तुम्हीच मोजपट्टी लावून निवडला. ह्या पांदणीसाठी, ह्या संत्र्यासाठी. बाबाले एकटं सोडून मी गेली, तर हे वावर ठोक्यानेच जाईन. मग मी येवढं सगळं कायले केलं?”

तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. ‘खरं हाय,’ एवढंच म्हणून तो मोटारसायकलकडे वळला. दिवस मावळायच्या आत त्याची मोटारसायकल पांदणीतून निघून गेली.

एप्रिल गेला, मे गेला. फोन येत. तेल बदललं का? एअर फिल्टर साफ केला का? हो, केला. बाबा कसे आहेत? बरे आहेत. मग विचारायचं संपायचं, तरी दोघांपैकी कोणीच फोन ठेवत नसे. एकदा लिफ्ट उचलेना, तेव्हा तिने फोन कानाला लावूनच, तो सांगेल तसं तासाभरात दुरुस्त केलं. शेवटी तो म्हणाला, आता तुम्हाला माझी गरज नाही. मैत्रेयी म्हणाली, ट्रॅक्टरला नाही. आणि घाईने फोन ठेवला. ती सगळी संध्याकाळ तिला स्वतःची लाज वाटत राहिली.

त्या वर्षी तिची पेरणी गावात पहिल्या चार-पाचांत झाली. तासं चार फुटांवर.

जुलैत पावसाने उघाड दिली होती. मैत्रेयी ट्रॅक्टरने पऱ्हाटी डवरत होती आणि भीमराज धुऱ्यावर बसून पाहत होता. पांदणीतून मोटारसायकल आली. मागे एक बाई बसली होती. उंच, सडपातळ, पदर कमरेला खोचलेली. मैत्रेयीने ट्रॅक्टर धुऱ्याजवळ आणून उभा केला. तिला इंजिन बंद करायचंही भान राहिलं नाही.

संघर्षने जयभीम केला, आईची ओळख करून दिली. तानाबाई. मग एका दमात, जसा पाठ करून आला असावा तसा, बोलला. बाभुळगावात रस्त्यावर एक गाळा पाहिला आहे, पुढच्या महिन्यापासून मिळतो. फुलसावंगीचं दुकान आपण कधी दुसरा विचारच केला नाही म्हणून टाकलं होतं. पोरीनेच घर सोडायचं असतं, हेही तसंच धरून चाललो होतो.

“अन् आता?” मैत्रेयीने विचारलं.

“आता विचार केला. तीन महिने तेच करून राह्यलो.”

तानाबाई मात्र सरळ तासात उतरली. ट्रॅक्टरने ओळींमधलं तण काढलं होतं. झाडांच्या बुडाशी राहिलेलं हातानेच काढावं लागतं. ती खाली बसली आणि ते उपटू लागली. मैत्रेयी जाऊन तिच्या शेजारच्या ओळीत बसली. दोघी काही वेळ तशाच सरकत राहिल्या.

“मी इकडे राहायले येणार नाई,” तानाबाई खाली पाहतच म्हणाली. “शाळेतल्या पोरांची खिचडी करतो मी. माह्यं घर हाय तिथं.”

“हो.”

“पोरगा चालला माहा, बाई. वाईट वाटते मले, खोटं कायले सांगू.”

मैत्रेयीचे हात थांबले. या बाईला काय द्यावं, हे तिला सुचेना. खोटं समाधान तर देववेना.

“मी त्याले महिन्यातून दोनदा पाठवीन,” ती म्हणाली. “पोळ्याले मी पण येईन. पाहुणी म्हणून नाई, माह्यं घर म्हणून.”

तानाबाईने मान वर केली. बराच वेळ तिला निरखलं. मग मातीच्या हातानेच तिच्या गालावर आलेली बट मागे सारली.

“मग त्याले सांग जाऊन. तिथं इंजिनाचा आवाज ऐकून राह्यला येडा. त्याले दुसरं काही सुचत नाई आता.”

मैत्रेयी उठली. पऱ्हाटीच्या ओल्या पानांतून चालत ती धुऱ्याकडे गेली. संघर्ष खरोखरच बॉनेट उघडून वाकला होता. तिने पहिल्यांदा त्याला नावाने हाक मारली. तो वळला.

“हो,” ती हळूच म्हणाली.

“काय?” तो म्हणाला. “इंजिनामुळे ऐकू नाई आलं.”

तिने बंद करायला चावीकडे हात नेला, आणि मग मागे घेतला. श्वास भरून घेतला आणि जितक्या मोठ्याने म्हणता येईल तितक्या मोठ्याने म्हटलं.

“हो!”

शेजारच्या वावरात निंदणाऱ्या बाया ताठ उभ्या राहून पाहू लागल्या. आणि धुऱ्यावर बसलेला भीमराज, पाठीचं सगळं दुखणं विसरून, टाळ्या वाजवत उठला.