उतर म्हणायचं राहिलं

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. माझं काम वेळा लिहायचं. कोणती गाडी किती वाजता निघाली, किती वाजता पोचली. त्यामुळे यातली एकही वेळ मी अंदाजाने सांगत नाहीये.

आणि ही रात्रीची गोष्टही नाही.

भर दुपारची आहे. दोन वाजून पस्तीस मिनिटांची.

तेव्हा शहर पेटलं होतं. तेरा दिवस दुकानं बंद, फोन बंद, हमरस्त्यावर टायर जळत होते. पण दवाखान्यांना ऑक्सिजन लागतोच, तान्ह्या बाळांना दूध लागतंच. म्हणून आमच्या मालवाहतूक डेपोने ट्रक एकेकटे सोडणं थांबवलं. अकरा गाड्यांचा ताफा करायचा, पुढे पोलिसांची जीप, आणि सगळ्यांनी एकामागे एक यायचं.

मी डेपोच्या वायरलेस खोलीत बसते. एक टेबल, एक सेट, एक खिडकी. खिडकी मागच्या आवारात उघडते. फाटक तिथून दिसत नाही.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, ताफ्यातली शेवटची गाडी चालवायचा. त्या गाडीला आम्ही शेपूट म्हणायचो. मागून हल्ला झाला तर पहिला मार शेपटीला. म्हणून तिच्यात सगळ्यात स्वस्त माल भरायचे आणि थंड डोक्याचा माणूस बसवायचे.

"माल फालतू, ड्रायव्हर फालतू," दादा म्हणायचा. "जोडा छान जमलाय."

शेपूट फाटकातून आत आली की त्याने सेटवर सांगायचं, "शेपूट आत." मग मी फाटक लावायला सांगायचे. खिडकीतून आवार बघायचे, आणि सगळं ठीक असेल तरच म्हणायचे, "उतर."

मी उतर म्हणेपर्यंत सेट बंद करायचा नाही. केबिनमधून पाय खाली ठेवायचा नाही. हा नियम होता, कारण आधी एक ड्रायव्हर घाईने उतरला आणि भिंतीवरून आलेला दगड त्याच्या डोक्यात बसला होता.

दादाला या नियमाची भारी गंमत. बोलण्याआधी तो माइकवर बोटाने दोनदा टकटक करायचा.

"शेपूट आत. काय गं शहाणे, उतरू का? की इथेच म्हातारा होऊ?"

"उतर बाबा, उतर. डबा गार झाला."

रोजचं हेच.

त्या दिवशी सकाळी वहिनीने आम्हा दोघांचा डबा माझ्या हातात दिला. "वन्सं, त्यांना आधी जेवायला बसवा. काल डबा तसाच परत आणलाय."

दुपारी दोन वीसला पहिली गाडी फाटकात शिरली. मग दुसरी, तिसरी. मी नंबर लिहीत गेले. दोन सव्वीसला दहावी आली.

आणि मग...

काहीच नाही.

सेटची नेहमीची खरखरसुद्धा थांबली.

बंदोबस्ताचे फौजदार माझ्या शेजारीच उभे होते. जमाव डेपोकडे वळल्याचा निरोप त्यांना आला होता.

"बाई, फाटक लावायला सांगा."

"अकरावी यायचीय अजून."

"आत ऑक्सिजन आहे. एक पेटता बोळा पडला तर काय होईल, मी सांगायला हवं का?"

"त्या गाडीत माझा भाऊ आहे, साहेब."

भला माणूस. नुसते घड्याळाकडे बघत राहिले.

मी हाका मारत होते. शेपूट, बोल. शेपूट, बोल. शेवटी नुसतं दादा, दादा.

दोन पस्तीस.

टक... टक...

"शेपूट आत. फाटक लाव."

दादाचाच आवाज. फौजदारांनीही ऐकला. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

"आला ना? लावा मग."

मी फाटकावरच्या काकांना सांगितलं. लोखंड सरकल्याचा आवाज आला, कडी पडली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मी डब्याची पिशवी जवळ ओढली.

मग लक्षात आलं...

त्याच्या आवाजामागे इंजिन नव्हतं. केबिनमधून बोललं की मागे घरघर असते, वारा असतो, कोणाचा तरी हॉर्न असतो. इथे काही नव्हतं.

आणि तो मला शहाणे म्हणाला नव्हता.

मी खिडकीशी धावले. आवारात दहा गाड्या. अकराव्या गाडीची जागा रिकामी.

तेवढ्यात सेटवर फाटकावरचे काका बोलले. "ताई, तुम्ही म्हणालात म्हणून लावलं. पण शेपूट कुठाय?"

बाहेरून पहिला दगड फाटकावर आपटला. मग दगडांना खंड राहिला नाही.

फाटक टिकलं. आणखी दोन मिनिटं उघडं असतं तर काही उरलं नसतं, असं सगळे म्हणतात. ऑक्सिजन संध्याकाळी दवाखान्यात पोचला.

दादाची गाडी चार किलोमीटर मागे सापडली, अरुंद पुलावर. त्याने ती रस्त्यात आडवी लावली होती. मागच्या जमावाला थोपवायला. गाडी पूर्ण जळाली होती. मागे मिठाची पोती होती. पोती गेली, मीठ मात्र तसंच ढिगाने पडलं होतं.

दादा स्टिअरिंगवरच होता.

त्याच्या बाजूचं दार उघडं होतं. त्याला उडी मारून पळता आलं असतं. का उतरला नाही, हे सगळे एकमेकांना विचारत होते. फौजदार माझ्याकडे बघायचं टाळत होते.

पुलाजवळच्या पंपावरच्या माणसाने गाडी पेटताना पाहिली होती. तेव्हा दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

गाडीतला सेट वितळून गेला होता. आणि चांगला असता तरी आमच्या सेटचा आवाज दोन किलोमीटरच्या पुढे पोचत नाही.

याला दोन वर्षं झाली. शहर शांत आहे. गाड्या पुन्हा एकेकट्या धावतात. ताफा नाही, शेपूट नाही. मी त्याच खोलीत बसते.

रोज दुपारी दोन पस्तीसला सेटची खरखर थांबते...

टक... टक...

बास. बोलत कोणी नाही. कोणीतरी वाट बघतंय, एवढंच कळतं.

कारण त्या दिवशी मी फाटक लावायला सांगितलं. पण उतर म्हणायचं राहूनच गेलं.

मागच्या महिन्यात मी हे वहिनीला सांगितलं. वाटलं, रागावेल, रडेल. ती दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन माझ्या शेजारी बसली. तिनेही ऐकलं. तिने सेटवर हात ठेवला.

मग म्हणाली, "वन्सं, सांगा की त्यांना. दोन वर्षं बसलेत तसेच. पाय आखडले असतील."

मी बटण दाबलं. तोंड उघडलं. एकच शब्द होता.

पण उतर म्हटलं की तो सेट बंद करणार. नियमच आहे तो.

मी बटण सोडून दिलं.

तेव्हापासून वहिनी रोज येते. आत्ता मी हे लिहितेय, तर ती समोर बसलीय. दोन तेहतीस झालेत. आज तरी सांगाल ना, असं तिने मघाशी विचारलं.

माझं अजून ठरत नाहीये.