पलीकडून एक ठोका

डोळ्यांवर ते काळं डबडं चढवण्याआधी मिस्त्री चष्मा काढून खिशात ठेवत आणि डबडं उतरवलं की तोच चष्मा खोलीभर शोधत फिरत. "काका, खिसा," गवयाची मुलगी संगणकावरची नजरही न हलवता म्हणायची. मग दोघंही हसायची. चार दिवस हे असंच चाललं होतं.

मिस्त्रींनी कागदाच्या गिरणीत एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला होता. ते बॉयलर-घर कधीच पाडलं, आता तिथे गाड्या उभ्या राहतात. पण तसलेच बॉयलर अजून दोनचार गिरण्यांत धडधडत होते, आणि चालत्या वाफेवर नवख्या माणसाला शिकवणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून ही संस्था. पहिल्या खोलीत क्रेन चालवायला शिकवत, दुसऱ्या खोलीत आग विझवायला. तिसरीत शिकाऊ डॉक्टर हवेत हात फिरवत कुणाचं तरी पोट शिवत उभे असत. सगळं त्या डबड्याच्या आत दिसणाऱ्या खोट्या जगात, कुणाला खरचटतसुद्धा नसे. शेवटच्या खोलीत गवयाच्या मुलीने जुने फोटो आणि नकाशे जमवून ते पाडलेलं बॉयलर-घर पुन्हा उभं केलं होतं. मिस्त्रींनी आत हिंडून चुका दाखवायच्या, आणि सगळं ठीक वाटलं की एका कागदावर सही करायची. कागदावर लिहिलं होतं, 'जसं होतं तसंच आहे.' सोमवारपासून शिकणारी माणसं येणार होती.

पहिल्या दिवशी आत पाऊल टाकलं आणि मिस्त्री बघतच राहिले. वर धुराने पिवळी पडलेली तावदानं. कोपऱ्यात एका पायाखाली वीट लावलेलं ते लंगडं बाकडं. त्याच बाकड्यावर त्यांनी आणि गवयाने सोळा वर्षं एकमेकांचे डबे उघडून खाल्ले होते. बाकड्यावर बसायला म्हणून ते वाकले आणि खऱ्या खोलीत धपकन जमिनीवर आले. मुलगी धावली. "लागलं का हो?" मिस्त्री म्हणाले, "नाही गं. डबड्यात घाम फार येतो बघ." डोळे पुसायला बरं निमित्त मिळालं.

गवई काही खरा गवई नव्हता. काम करताना सारखा गुणगुणायचा, तेही बेसूर, म्हणून गिरणीने ठेवलेलं ते नाव. मिस्त्री या बाजूला वाफ सोडायच्या चाकाशी, गवई भिंतीपलीकडे खड्ड्यात, पाइपाच्या सांध्यांशी. मध्ये हातभर जाडीची भिंत आणि वाकून जायचं एक दार. बॉयलरच्या आवाजात हाक ऐकू जायची नाही, म्हणून दोघांनी खूण ठरवलेली. चाक फिरवण्याआधी मिस्त्री पाइपावर पान्याने दोन ठोके देत. पलीकडून दोन आले तर उघड, एक आला तर थांब. गवई ठोका दिल्यावर पाना तसाच पाइपावरून खाली ओढायचा, त्यामुळे त्याच्या ठोक्याला मागे बारीकशी खरखर असायची. हजार माणसांत ओळखू यावा असा ठोका.

बावीस वर्षांपूर्वी वाफ अंगावर येऊन गवई गेला. ही पोर तेव्हा सहा वर्षांची होती.

दुसऱ्या दिवशी चाकापाशी उभे असताना मिस्त्रींच्या हाताने आपणहून दोन ठोके दिले. सवयच ती. आणि पलीकडून उत्तर आलं.

एक ठोका. मागे खरखर.

मिस्त्रींनी डबडं उतरवलं. मग त्यांना पोरीचं कौतुकच वाटलं. "हे बरं केलंस. पण तुला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"पाइपावरचे ठोके."

"त्या पाइपाला मी आवाजच दिलेला नाही काका. कसले ठोके?"

मिस्त्रींनी खूण समजावून सांगितली. पोरीचा चेहरा असा उजळला की त्यांना बघवेना. "म्हणजे ही बाबांची खूण? मग ही घालायचीच. दोन म्हणजे उघड. नवी माणसं बाबांच्या खुणेवर शिकतील." ती लगेच लिहून घ्यायला लागली. मिस्त्रींनी डबडं पुन्हा डोळ्यांवर चढवलं.

अपघाताच्या चौकशीत मिस्त्रींनी सांगितलं होतं, पलीकडून दोन ठोके आले. साहेबांनी मान डोलावली होती, गवयाच्या बायकोने डोळ्यांना पदर लावला होता. पण त्या दिवशी चाकाखालचा व्हॉल्व्ह जरा गळत होता. गार पाइपात थोडीशी जरी वाफ शिरली की पाइप आपणच वाजतो, ही गोष्ट मिस्त्रींइतकी कुणाला ठाऊक असणार? एक ठोका आला, खरखर आली. पाठोपाठ एक टण्ण झालं, त्याला खरखर नव्हती. पाळी संपायला दहा मिनिटं होती. मिस्त्रींनी ते दोन धरले आणि चाक फिरवलं.

चूक म्हणावी तर ही एवढीच. बावीस वर्षं ते मनाला समजावत आले होते की खरखर आपल्या कानाने गाळली असेल. दोन्ही ठोके त्याचेच असतील.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पाच वेळा ठोके दिले. पाचही वेळा एकच आला. "तुला येतंय का ऐकू?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. मुलीने आतले आवाज ऐकायला कानाला लावलेलं यंत्र काढून पुन्हा लावलं. "काहीच नाही काका. तुम्ही दमलात का? उद्या करू."

चौथ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मिस्त्री वाकून भिंतीतल्या त्या दारातून आत गेले.

आत गवयाचा खड्डा होता. साबणाच्या खोक्याचं बसणं. खिळ्याला निळा पंचा, कोपऱ्यात जळालेला. भिंतीवर खडूच्या आडव्या रेघा, एकावर एक. पोरीची उंची गवई दर महिन्याला घरी दोऱ्याने मोजायचा आणि तो दोरा इथे आणून भिंतीला लावायचा. मिस्त्री त्याला किती चिडवत. "ताड होणार रे तुझी पोर, खड्ड्यात मावणार नाही." सर्वांत वरची रेघ त्यांच्या कमरेला लागत होती.

काय बरं वाटलं त्यांना तिथे! खोक्यावर बसावं आणि गवयाची वाट बघावी असं वाटलं.

तेवढ्यात पाइपावर दोन ठोके पडले.

पहिला जड, दुसरा हलका. हे मिस्त्रींचे स्वतःचे ठोके होते.

हातात पाना होता. त्यांनी एक ठोका दिला. थांब.

सगळं शांत झालं.

मग पाइप आपणच वाजला. टण्ण.

भिंतीपलीकडे चाक करकरलं.

"थांब," मिस्त्री म्हणाले. "अरे, एकच होता. थांब."

चाक फिरत राहिलं.

पोरीने त्यांचं डबडं उतरवलं तेव्हा ते भिंतीला कपाळ लावून उभे होते, खऱ्या खोलीच्या भिंतीला. तिने पाणी दिलं. मिस्त्रींनी ते प्यायलं नाही. आधी सांगून टाकलं, सगळं. खरखर, गळका व्हॉल्व्ह, दहा मिनिटं. "एकच होता गं. तो थांब म्हणाला होता, आणि मी दोन मोजले."

ती टेबलाची कड नखाने खरवडत राहिली. "आई म्हणायची, शेवटची चूक तुझ्या बाबांचीच झाली. त्यांनीच उघड म्हटलं," ती म्हणाली. "तेच मनात घेऊन ती गेली. तुम्ही दर सणाला घरी यायचात काका."

मिस्त्रींनी न प्यायलेलं पाणी टेबलावर ठेवलं.

"एक सांगा," ती म्हणाली. "अकरा मिनिटं तुम्ही भिंतीशी नुसते उभे होतात. आत कुठे होतात?"

"खड्ड्यात. दारातून आत. तुझ्या उंचीच्या रेघा अगदी तशाच काढल्यास."

"आत मी काही काढलेलंच नाही," ती हळूच म्हणाली. "खड्ड्याचा एकही फोटो नव्हता, आणि मला ते करवतही नव्हतं. त्या दारामागे नुसता करडा रंग आहे. कसल्या रेघा?"

सही झाली नाही. कागदावरची ती ओळ खोडून मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'चाक फिरवण्याआधी पलीकडे जाऊन डोळ्यांनी बघावं.' ठोके प्रशिक्षणात घालायचे नाहीत असं मुलीने ठरवलं. ती दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी, चष्मा शोधताना, "खिसा," एवढंच म्हणाली. पुढे काका म्हणाली नाही.

सोमवारी पहिली शिकणारी आली, एक हसरी, धीट बाई. गिरणीचं नावसुद्धा तिने आधी ऐकलेलं नव्हतं. डबडं चढवून ती बॉयलर-घरात शिरली, बाकडं बघून "अगं बाई, किती जुनं" म्हणाली आणि चाकाशी गेली. हात चाकावर ठेवून ती थबकली.

"मॅडम, पलीकडून कुणीतरी पाइपावर एकदा वाजवलं. आता काय करायचं?"

मिस्त्रींनी गवयाच्या मुलीकडे पाहिलं. तिने कानाला लावलेलं काढून टेबलावर ठेवलं.

"थांबायचं," ती म्हणाली.

"बरं." बाईने हात काढून घेतला आणि मान जरा कलती केली. "आत कुणीतरी काम करतंय वाटतं. गुणगुणतंय." ती हसली. "जरा बेसूरच आहे हो."