सुटलेला ए

अनिरुद्धची आणि माझी पहिली भेट धडकेने झाली. चूक त्याची होती, पण त्याने ती अजून मान्य केलेली नाही.

जुलैचा दुसरा आठवडा होता. ओहोटीमुळे मनोरीहून निघालेली बोट मार्वेला उशिरा लागली, मग माझी बस चुकली, आणि बोरीवलीला कॉलेजात पोचेपर्यंत बायोलॉजीचं पहिलंच प्रॅक्टिकल सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती. मी धावत लॅबमध्ये घुसले, तर हा दारातच उभा. अ‍ॅप्रनची बटणं लावत होता, वरून खाली, एकेक करून, जणू पुढे अख्खा दिवस मोकळा आहे. माझी बॅग त्याच्यावर आदळली, चेन तुटली, आणि आईने मावशीकडे द्यायला दिलेली सुक्या जवळ्याची पिशवी त्याच्या कोऱ्या करकरीत जर्नलवर फुटली.

कोणीही ओरडलं असतं. मी तर भांडायच्या तयारीनेच उभी होते. त्याने मात्र खाली वाकून एक जवळा चिमटीत धरला आणि चष्म्याजवळ नेला.

"हे काय आहे?"

"जवळा. सुकी मासळी."

"पण याला पाय दिसतायत," तो म्हणाला. "म्हणजे मासा नाही. फायलम कोणता?"

"खायचा," मी म्हणाले.

तो हसला नाही. त्याने खरंच विचार केला, प्राण्यांचा असा एखादा गट असतो का म्हणून. तेवढ्यात फ्लेविया मॅडम आल्या. त्यांना उशीर चालत नाही आणि कचराही चालत नाही, आणि दोन्ही गोष्टी त्यांना एकाच ठिकाणी सापडल्या. आम्हा दोघांना शेवटच्या टेबलावर बसवण्यात आलं, ते पूर्ण सेमिस्टरसाठी.

तिथून माझ्या हालांना सुरुवात झाली.

जीवांचं वर्गीकरण शिकताना प्रश्नांची एक यादी देतात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो असेल तर या प्रश्नावर जा, नाही असेल तर त्या. असं करत करत शेवटी प्राण्याच्या नावापर्यंत पोचायचं. ज्याला प्राणी माहीत नाही त्याच्यासाठी ठीक आहे. पण मी मनोरीच्या कोळीवाड्यातली. माझी आई, सगुणा, वीस वर्षं बोरीवलीच्या बाजारात मासळी विकते. ट्रेमध्ये बांगडा ठेवला की मी बांगडा लिहून मोकळी व्हायचे. अनिरुद्ध पहिल्या प्रश्नापासून निघायचा — या प्राण्याला पाठीचा कणा आहे का? चाळीस मिनिटांनी तो बांगड्यापर्यंत पोचायचा, आणि माझ्याकडे असं बघायचा की जणू समुद्रातून त्यानेच काढून आणलाय. "तू बरोबर होतीस," असं तो दर वेळी सांगायचा. मला ते चाळीस मिनिटं आधीच माहीत असायचं.

पेन्सिलीला टोक काढायचा तेव्हा खालून कागद धरायचा. आकृतीला नावं द्यायच्या रेघा पट्टीने मारायचा. अर्ध्या मार्कासाठी मॅडमशी पंधरा मिनिटं वाद घालायचा, अगदी नम्रपणे. आणि बोलताना मध्येच थांबायचा, योग्य शब्द शोधायला. तेवढ्या वेळात मी त्याचं वाक्य पूर्ण करून, त्याला उत्तर देऊन, पुढच्या विषयावर गेलेली असायचे.

ऑगस्टमध्ये मॅडमनी घरून एकेक नमुना आणायला सांगितलं. अनिरुद्धच्या घरी अंडंसुद्धा येत नाही. मला न विचारता तो थेट बाजारात आईच्या पाटीसमोर जाऊन उभा राहिला, नाकाला रुमाल न लावता, हातात वही घेऊन. पापलेट आणि हलवा यांत फरक काय, हे त्याने आईला विचारलं. आईने हलव्याच्या शेपटीजवळच्या खरखरीत खवल्यांवरून त्याचं बोट फिरवून दाखवलं. तो लिहून घेत राहिला, आणि मागे गिऱ्हाइकं ताटकळली. संध्याकाळी आई मला म्हणाली, "पोरगा बरा हाय गो. पण धंद्याचा नाय."

मी म्हटलं, तो कशाचाच नाही.

एक गोष्ट मात्र मला नंतर कळली. बोट उशिरा आली तरी माझी हजेरी कधी बुडत नव्हती, आणि मला वाटायचं की नशीब चांगलं आहे. पहिल्या नंबरवर असलेल्या फ्लॉयडने एकदा हसत हसत सांगितलं, की मी आले नसले की अनिरुद्ध मॅडमना दारातच गाठतो आणि शंका विचारत बसतो. मी जिन्यावर दिसेपर्यंत त्याच्या शंका संपत नाहीत. मी त्याला विचारलं, एवढं करण्यापेक्षा माझ्या नावाला 'प्रेझेंट' का नाही म्हणत? तो म्हणाला, ते खोटं झालं असतं. शंका खऱ्या होत्या.

अशा माणसाचं काय करायचं… मला खरंच कळेना. त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं, की चष्मा पुसायला काढला की त्याचे डोळे एकदम उघडे पडल्यासारखे दिसतात. मग मला माझाच राग आला, आणि तो मी त्याच्यावर काढला.

सप्टेंबरच्या शेवटी जनुकीय संकेताचं प्रॅक्टिकल आलं. पेशीतला निरोप चारच अक्षरांत लिहिलेला असतो — ए, यू, जी आणि सी. तो तीन-तीन अक्षरं धरून वाचायचा. दर तीन अक्षरांमागे एक अमिनो आम्ल, आणि प्रत्येक आम्लाला एका इंग्रजी अक्षराचं टोपणनाव. कुठे सुरू करायचं आणि कुठे थांबायचं, याचीही तीन-तीन अक्षरं ठरलेली. मधलं एक अक्षर जरी सुटलं, तरी पुढच्या सगळ्या तिकड्या सरकतात आणि अर्थाची वाट लागते. मॅडमनी सांगितलं, प्रत्येकाने एक निरोप तयार करून जोडीदाराला द्यायचा. जोडीदाराने तो उतरवून घेऊन वाचायचा. दोघांनाही मार्क होते.

आणि त्या मार्कांना त्या वेळी मोल होतं. दिवाळीच्या सुट्टीत मॅडम रत्नागिरीच्या किनाऱ्यावर दहा दिवसांच्या पाहणीला जाणार होत्या, आणि फर्स्ट इयरमधून फक्त दोघांना नेणार होत्या. फ्लॉयडचं नक्की होतं. उरलेली जागा अनिरुद्धची किंवा माझी, आणि तो माझ्यापुढे एकाच मार्काने होता. मला जायचंच होतं. मनोरीच्या खाडीतली कुठली मासळी गेल्या दहा वर्षांत दिसेनाशी झाली हे आमच्या बायका तोंडपाठ सांगतात, पण ते कोणी लिहून घेत नाही. ते कसं लिहायचं हे मला शिकायचं होतं.

मी त्याला मनात आला तो निरोप खरडून दिला. त्याने मला दिलेला कागद घडी घातलेला होता. तो देताना त्याचा हात जरा थांबला… मला वाटलं, नेहमीसारखा तपासतोय. मी भराभर अक्षरं उतरवली आणि वाचायला बसले. एम, के, एल, एफ, आणि मग ओळीने चार एल. शेवटी थांबण्याची खूणच नाही, नुसती दोन अक्षरं लोंबकळत राहिलेली.

आयुष्यात पहिल्यांदा अनिरुद्ध चुकला होता. तीन महिन्यांचा साठलेला वैताग माझ्या तोंडून बाहेर पडला. अख्ख्या लॅबला ऐकू जाईल असं मी म्हणाले, की पट्टीने रेघा मारणाऱ्याला साधा निरोप संपवता येत नाही, याच्या निरोपाला ना शेंडा ना बुडखा. सगळे हसले. मॅडमनी माझ्या जर्नलमधली उतरवलेली ओळ पाहिली, थांबण्याची खूण नाही हे पाहिलं, आणि त्याचे दोन मार्क कापले.

मी वाद सुरू होण्याची वाट पाहत होते. त्याने फक्त माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याचे कान लाल झाले होते. "ठीक आहे, मॅडम," एवढंच तो म्हणाला.

दोन दिवसांनी यादी लागली. फ्लॉयड आणि कल्पिता. आईने गल्लीभर सांगितलं.

रविवारी दुपारी मी ओट्यावर जर्नल पूर्ण करत बसले होते. समोर आई वलांडीवर बोंबील सुकायला टाकत होती. जोडीदाराचा मूळ कागद जर्नलमध्ये चिकटवायचा होता, म्हणून मी तो उलगडला. सुरुवातीच्या खुणेनंतर तीन ए होते. माझ्या ओळीत दोनच.

मी एक ए खाल्ला होता.

मी पुन्हा वाचायला घेतलं, या वेळी त्याच्यासारखं, प्रत्येक तिकडीखाली रेघ मारून. एम तर सुरू करण्याची खूणच, तो सोडून दिला. के. ए. एल. पी. आय… तिथे पेन्सिल हातातच राहिली. पुढचं वाचायची गरज नव्हती, तरी मी वाचलं. टी. ए. आणि त्यानंतर थांबण्याची खूण, जिथे असायला हवी तिथेच.

माझं नाव होतं ते.

अर्ध्या मार्कासाठी भांडणारा मुलगा दोन मार्क आणि रत्नागिरी सोडून गप्प का बसला, हे तेव्हा मला कळलं. तो बरोबर आहे हे सिद्ध करायचं, तर त्याला भर वर्गात ते नाव वाचावं लागलं असतं. मला आधी रडू आलं, मग प्रचंड राग. असं सांगतात का कोणी कोणाला? तेही माझ्यासारखीला, जी कधी काही धड उतरवून घेत नाही? आईने विचारलं काय झालं. मी म्हटलं, वाचताना चुकले.

सोमवारी मी त्याचा कागद आणि माझं जर्नल घेऊन फ्लेविया मॅडमसमोर उभी राहिले. चूक माझी होती, अनिरुद्धचा निरोप बरोबर होता, असं सांगितलं. मॅडमनी पेनाचं टोक अक्षरांखाली ठेवलं आणि पुटपुटत वाचायला लागल्या. पी पर्यंत आल्यावर त्या थांबल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"पुढे वाचू?"

"मार्कांसाठी वाचावं लागेल, मॅडम."

त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. थांबण्याच्या खुणेवर बरोबरची खूण केली. मग त्यांनी हिशेब सांगितला, त्याचे दोन परत मिळतील, तुझे दोन जातील, यादी बदलेल. कबूल केलंस म्हणून तुझे मार्क राहणार नाहीत. मी म्हटलं, माहीत आहे. मी दाराशी गेल्यावर त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाल्या, की गुण देता येत नाहीत म्हणजे दिसत नाहीत असं नाही.

त्या संध्याकाळी मार्वेच्या जेट्टीवर मी बोटीची वाट पाहत होते. पाऊस नुकता थांबला होता. खाडीचं पाणी शिशासारखं झालं होतं आणि ओल्या दोरांचा वास येत होता. मागून कोणीतरी धापा टाकत आलं. छत्री बंद, केस भिजलेले. शहाण्याने छत्री असून उघडली नव्हती.

"तू यादी का बदललीस?" तो म्हणाला. इतकं चिडलेलं मी त्याला पाहिलं नव्हतं. "ते मार्क मी… मी ते सोडले होते. तुझ्यासाठी. तू जायला हवीस. मी मॅडमना सांगून नाव काढून —"

"काढलंस तर बघ," मी म्हणाले. "जायचं, आणि सगळं लिहून आणायचं. मला पुढच्या वर्षी तेच घेऊन आमच्या खाडीवर काम करायचंय. आणि मार्क सोडायचे ते मला न विचारता? तुला तोंडाने सांगता आलं नाही?"

"तोंडाने सांगताना तू वाक्य पूर्ण करू देत नाहीस."

हे खरं होतं. जुलैपासून त्याचं एकही वाक्य मी शेवटापर्यंत जाऊ दिलं नव्हतं.

"बोल," मी म्हणाले. "मी ऐकते."

त्याने चष्मा काढला. पुसायला कोरडं काही नव्हतं, म्हणून तसाच हातात धरून ठेवला. बोट लागली. माणसं उतरली, माणसं चढली, बोटवाल्याने मला नावाने हाक मारली. मी हलले नाही.

"तू यायच्या आधी," तो म्हणाला, आणि थांबला. सात-आठ शब्द माझ्या जिभेवर आले होते. मी ते गिळले. "तू यायच्या आधी मला काही सुचत नाही. तू आलीस की तुझा वैताग येतो. आणि तू गेलीस की… त्या वैतागाचीसुद्धा आठवण येते. हे नक्की काय आहे, ते मी पहिल्या प्रश्नापासून तपासलं. तीनदा. दुसरं कुठलंच उत्तर येत नाही." त्याने श्वास घेतला. बोट निघून गेली. "मला तू आवडतेस, कल्पिता. तुला…"

या वेळी वाक्य खरंच अर्धं होतं, आणि उरलेलं माझ्याकडे होतं.

"हो," मी म्हणाले.

तो थांबून राहिला, पुढे काही येईल म्हणून. पाण्याचे थेंब त्याच्या भुवईवरून गालावर उतरत होते आणि तो पापणीही न हलवता माझ्या तोंडाकडे बघत होता.

"एवढंच आहे रे," मी म्हणाले. "संपलं वाक्य."

आणि तरीही त्याला खात्री पटेना, म्हणून मी त्याच्या हातातला चष्मा घेतला, माझ्या ओढणीच्या कोरड्या टोकाने पुसला आणि त्याच्या डोळ्यांवर नीट बसवला.