येते म्हणावं

१९८४च्या मे महिन्यात घाटकोपरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी एकच सिनेमा लागायचा. फिल्म सोसायटीने सुट्टीपुरती एकच प्रिंट दिली होती. इटलीतला जुना, काळापांढरा सिनेमा. गावचा न्हावी आणि पाववाल्याची पोरगी यांच्या प्रेमाची धमाल. खिडक्यांना काळा कागद, आत घामाचा आणि तापलेल्या प्रोजेक्टरचा वास. पडद्यावरची इंग्रजी अक्षरं मुलांना कळत नसत, म्हणून निवृत्त भाऊराव मास्तर शेजारी उभे राहून मराठीत सांगत.

पाववाल्याची पोरगी बसमध्ये चढताना म्हणाली, "चाव!"

"भेटताना चाव, निघतानाही चाव," मास्तरांनी समजावलं. "आपण निघताना काय म्हणतो?"

"येते! येतो!"

"शाब्बास. जाते कधी म्हणायचं नाही."

चार वर्षांपूर्वी मास्तरांची बायको नलिनी पिशवी घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "जाते." मास्तर वह्या तपासत होते. मान वर न करता ते म्हणाले, "येते म्हणावं."

"जन्मभर माझ्या चुका काढल्यात. आज मात्र बरोबर बोलले मी."

टेबलावरची त्यांची वह्या तपासायची तांबडी पेन्सिल उचलून ती गेली. पत्र नाही, निरोप नाही. तिच्या तोंडून एकदा 'येते' ऐकावं, एवढ्यासाठी मास्तर अजून दाराला कडी लावत नव्हते.

"सर, तिकडे पण साडी नेसतात?" पुढच्या रांगेतल्या शकुने विचारलं. पडद्यावर बसच्या मागे, विहिरीपाशी, एक बाई पाठमोरी उभी होती.

"शाल असेल गं."

पुढच्या रविवारी ती बाई बसथांब्यापाशी होती. हातात पिशवी.

"सहदेव, ही बाई गेल्या खेपेला इथे नव्हती."

"कुठली बाई?" प्रोजेक्टरवाला सहदेव हसला. "मास्तर, चष्मा बदला. प्रिंट घासलीय, दुसरं काय नाय."

तिसऱ्या रविवारी बस आली. न्हावी धावला, आपटला. मुलं खदखदून हसली.

बाईने मान वळवली.

नलिनी.

ती थेट मास्तरांकडे बघून काहीतरी बोलली. खाली अक्षरं उमटली नाहीत.

"सर, काय म्हणाली?"

'ये' म्हणताना ओठ फाकतात, 'जा' म्हणताना जबडा उघडतो. पहिलीच्या पोरांना आरसा धरून त्यांनीच शिकवलं होतं. नलिनीचा जबडा उघडला होता.

"येते," मास्तर म्हणाले. "येते म्हणाली."

"नाही सर, तोंड केवढं मोठं उघडलं तिने! जाते म्हणाली."

"येतेच!" मास्तर ओरडले. आजवर ते कुठल्या पोरावर असे ओरडले नव्हते. शकु खाली मान घालून बसली.

बस निघून गेली. चौक रिकामा राहिला.

मुलं पांगल्यावर सहदेव रीळ गुंडाळत होता. मध्येच त्याचा हात थांबला.

"मास्तर, इकडे या. हा चाळा कुणी केला?"

खिडकीचा कागद बाजूला करून मास्तरांनी पट्टी उजेडात धरली. इवल्या चौकटींत तोच चौक, तोच बसथांबा. बाई कुठेच नव्हती. ती उभी होती तिथे प्रत्येक चौकटीत एक बारीक तांबडी फुली होती. खालचा पाय किंचित डावीकडे वळवलेला, मास्तर चाळीस वर्षं चुकलेल्या शब्दावर मारत आले तशी.

त्यांनी अंगठा फिरवला. शेवटच्या फुलीत पेन्सिलीचं मोडलेलं टोक अजून रुतून होतं.