चौथ्या खिळ्यावरची चकती

"अर्वो आजोबांची चकती अजून खिळ्यावर का आहे?"

विचारलं एकदाचं! आयलीच्या कानशिलांत ढोल वाजत होते, पण आवाज कापला नाही, याचाच तिला केवढा आनंद. जंगलातल्या त्यांच्या शिकारी कॅम्पमागच्या लाकडांच्या ढिगावर चढलं की फोनला जेमतेम रेंज यायची. तिथे उभी असतानाच दुपारी रोझॅन आणि टेस या वर्गमैत्रिणींनी फोनवर तिला पैजेत अडकवलं होतं. "सगळ्यांसमोर विचार. जमलं नाही तर आठवडाभर आमची दप्तरं तू वाहायची, हमालीणबाई!" आणि आयली मात्तिला, वय वर्षं सतरा आणि अकरा दिवस, हल्ली कुठल्याच पैजेला नाही म्हणत नव्हती.

टेबलावरचे हात मात्र थांबले. डेल काकांच्या तोंडाशी आलेला मांस-बटाटा भरलेल्या पास्टीचा तुकडा तिथेच राहिला. आईने बाबांकडे पाहिलं, बाबांनी मिठाच्या डबीकडे.

"घ्या!" डेल काका म्हणाले. "अजून एकटी मचाणावर चढली नाही, आणि चौकशी आयोग बसवला हिने."

"विचारू दे," ओनी आजोबा म्हणाले. "उद्यापासून तिचीही चकती असणार. तिला कळायला हवं."

दाराशेजारी फळी होती. फळीवर पाच खिळे, पाच आकडे, पाच मचाणं. जंगलात जाताना आपल्या नावाची पितळी चकती आपल्या मचाणाच्या खिळ्यावर अडकवायची, परत आलं की काढून खिशात टाकायची. आपली आपणच. दुसऱ्याच्या चकतीला हात लावायचा नाही, बापाने लेकीच्याही नाही. फार पूर्वी कोणीतरी चांगुलपणा करायला गेला, मित्राची चकती काढून ठेवली. मित्र परतला असं समजून सगळे जेवायला बसले, आणि तो पाय मोडून ओढ्याकाठी सकाळपर्यंत पडून होता. तेव्हापासूनचा हा नियम.

चौथ्या खिळ्यावर काळी पडलेली एक चकती होती. आयली जन्मली त्याच्या कितीतरी आधीपासून होती.

"त्यानं काढली नाही, म्हणून आहे," आजोबा म्हणाले. "मी वीस वर्षांचा होतो. अर्वो माझा भाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. शिकारीच्या मोसमाचा पहिला दिवस, ताजं बर्फ. चार नंबरला गेला. दुपारी आला नाही म्हणून आम्ही गेलो. झाडापर्यंत त्याच्या बुटांचा माग होता. झाडापासून पुढे कुठेच नव्हता. बंदूक खोडाला टेकवलेली, बोल्ट मागे ओढलेला, रिकामी, शहाण्यासारखी. वर फळ्यांवर कोणी नाही. आठ दिवस शोधलं. मग वडिलांनी ते मचाण उपटून टाकलं."

"पडले असतील..."

"पडलेला माणूस खाली असतो, पोरी."

पैज इथे संपली होती. पण आयलीचं डोकं आता स्वतःच्या जोरावर धावत होतं. बंदूक हातात घेऊन कधीच चढायचं-उतरायचं नाही. रिकामी करायची, दोरीला बांधायची, आपण वर असताना खाली सोडायची. खाली जोडीदार असेल तर तो ती सोडवतो आणि दोरीला दोन झटके देतो. हे तिला बाराव्या वर्षापासून पाठ होतं.

"मग दोरी?" तिने विचारलं. "दोरी बंदुकीला बांधलेली होती का?"

"नाही. सुटलेली होती. वरून लोंबत होती."

"पण ते उतरलेच नाहीत ना? मग खालून दोरी कोणी सोडवली?"

पंचेचाळीस वर्षांत हा प्रश्न आजोबांना कोणी विचारला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं.

"पास्टी गार होतेय," आई म्हणाली.

जेवणानंतर आजोबांनी तिला नवी कोरी चकती दिली. तिच्या नावाची चार इंग्रजी अक्षरं त्यांनी स्वतः ठोकून उमटवली होती, एक जरा तिरकं. मात्तिलांच्या घरातल्या कुठल्याही मुलीला आजवर चकती मिळाली नव्हती. अट एकच. पहिला दिवस एकटीने, सगळे नियम पाळून काढायचा आणि परत येऊन सर्वांसमोर चकती उतरवायची. मग ती कॅम्पची. हरीण मिळालं न मिळालं, त्याला किंमत नाही.

"आणि चुकलं तर?" तिने विचारलं.

"तर पुढच्या वर्षी पुन्हा माझ्या मांडीवर बसून शिकार," बाबा म्हणाले आणि डेल काका खोकला येईपर्यंत हसले.

पंधरा नोव्हेंबर, मोसमाचा पहिला दिवस. आख्ख्या तालुक्याच्या शाळांना सुट्टी. उजाडायच्या तासभर आधी आयलीने तिसऱ्या खिळ्यावर चकती अडकवली. टिंग असा आवाज आला. तो तिला इतका आवडला की काढून पुन्हा अडकवावी असं वाटलं, पण अपशकून नको म्हणून तिने हात आवरला.

"तीन गोष्टी शिडीला चिकटलेल्या," बाबा दारात म्हणाले.

"दोन हात एक पाय, नाहीतर दोन पाय एक हात. बाबा, मी झोपेतसुद्धा सांगेन."

"झोपेत नको, शिडीवर सांग. अंगावरच्या पट्ट्याची कडी दोरीला कधी लावायची?"

"जमिनीवर असतानाच. आणि झाडाला बांधलेल्या दोरीवरची सरकती गाठ डोक्याच्या वर ढकलत ढकलत चढायचं. उतरताना खाली ओढत ओढत उतरायचं. जमिनीवर पाय टेकल्याशिवाय कडी काढायची नाही. जाऊ आता?"

रात्री पडलेलं बर्फ थांबलं होतं. धुकं मात्र झाडांच्या कमरेपर्यंत साचलं होतं. बॅटरीच्या उजेडात झाडांवर ठोकलेल्या चमकत्या टाचण्या एकेक करून पेटत होत्या. एक टाचणी म्हणजे सरळ. दोन म्हणजे वळा. तीनचा त्रिकोण म्हणजे पोचलात. काल दुपारी ती आणि बाबा याच वाटेने येऊन गेले होते. दोन टाचण्यांपाशी ती वळली. काल इथे वळलो होतो का? वळलो असणार. टाचण्या काय खोटं बोलतात?

त्रिकोण आला. शिडी आली. पायऱ्यांवर पातळ बर्फ होतं, ते तिने कोपराने पुसलं. कडी लावली, ओढून पाहिली. गाठ सरकवत, तीन गोष्टी चिकटवत, मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत ती वर पोचली. बसली. दोरीने बंदूक वर ओढली. मग गोळ्या भरल्या. सगळं पुस्तकातल्यासारखं.

आणि मग उजाडलं.

आधी तिला वाटलं, डोळे चुकतायत. तीन नंबरच्या मचाणावरून ओढा उजवीकडे दिसायचा. आता पाण्याचा आवाज डावीकडून येत होता. तिने मान वळवली. धुक्याच्या फटीतून काळं पाणी दिसलं. डावीकडेच.

मी उलटी बसलेय का? पण मचाणाला उलटं-सुलटं नसतं, बसायची जागा एकच.

तिने खाली पाहिलं. काल बुटांखाली लोखंडी जाळी होती. आज लाकडी फळ्या होत्या, करड्या, कडांना शेवाळ. दोन फळ्यांच्या मधोमध एक चौकोनी खिळा वर आला होता. बुटाच्या टोकाने तिने तो दाबून पाहिला. खिळा खरा होता.

बरं. शांत. धुकं आहे, थंडी आहे, तुला झोप कमी मिळालीय. आयलीने गणिताच्या पेपरात करायची तसं केलं: जे माहीत आहे ते आधी लिही. माहीत काय होतं? ती झाडावर होती. पट्टा घट्ट होता. एवढंच.

साडेआठच्या सुमाराला हरीण आलं. आठ फाट्यांची शिंगं, मान फुगलेली. आयुष्यात एकदा मिळावं असं, चाळीस पावलांवर आडवं उभं. रोझॅनला फोटो दाखवला असता तर ती बेशुद्धच पडली असती. आयलीने बंदूक खांद्याला लावली.

आणि खाली घेतली. आपण कुठे आहोत हे माहीत नसताना गोळी झाडायची नाही. गोळीच्या पुढे डेल काका असतील, बाबा असतील. ओढा डावीकडे असेल तर दोन नंबरचं मचाण कुठे? तिला सांगता येईना.

हरीण हललं नाही. त्याचे कान ताठ होते, शेपटी उभी होती. ते तिच्याकडे पाहतच नव्हतं. ते तिच्या झाडाच्या बुंध्याकडे पाहत होतं. तिथे कोणीतरी उभं असावं, तसं.

मग त्याने मान खाली घातली आणि सावकाश, अजिबात न घाबरता निघून गेलं.

आयलीने वाकून पाहिलं. धुकं होतं. बुंधा त्यात बुडाला होता.

आता उतरायचं. तिने बंदूक रिकामी केली, बोल्ट मागे ओढला, गोळ्या मोजून खिशात टाकल्या. दोरी बांधून बंदूक सोडली. हातभर, हातभर. ती धुक्यात गेली. टेकल्याचं हाताला कळलं.

दोरी हलकी झाली.

गाठ सुटताना दोरी थरथरते, तशी थरथरली. मग दोन झटके आले. हलके. ओळखीचे.

"बाबा?"

दोरी सैल लोंबत राहिली.

"बाबा, तुम्ही आहात ना?"

कॅम्पमध्ये भट्टीवरच्या गोड धिरड्याचा वास भरला होता. सगळे तिच्या आधी परतले होते. आई तिच्या डोक्यावरची टोपी काढत म्हणाली, "गार पडलीयस नुसती. पट्टा तरी सोड."

"बाबा, तुम्ही आला होतात माझ्या झाडाखाली?"

"मी? मी आत्ता एक नंबरवरून येतोय. का?"

"बंदूक सोडवली कोणीतरी. झटके दिले."

"डेल?"

"माझं नाव घेऊ नका," डेल काका म्हणाले. "मी पाऊण तास झाला इथे सॉसेज तळतोय. वहिनी साक्षीला आहेत."

"ते राहू दे, चकती उतरव," आजोबा खुर्चीतून उठत म्हणाले. त्यांनी त्यासाठी स्वच्छ शर्ट घातला होता. "सगळे आहेत. ये."

आयली फळीपाशी गेली. तिसरा खिळा मोकळा होता.

तिची चकती चौथ्या खिळ्यावर होती. तिरक्या अक्षरासकट.

त्या खिळ्यावर दुसरी चकती नव्हती.

"हा चावटपणा कोणाचा?" आजोबांचा आवाज चिरका झाला. "डेल! कुठे ठेवलीस?"

"आईशप्पथ, मी हात लावला नाही."

खिळ्याखाली लाकडावर पंचेचाळीस वर्षांचा गोल फिकट डाग होता. आजोबांनी त्यावर अंगठा ठेवला आणि तो तसाच ठेवून उभे राहिले.

बाबा बाहेर गेले. अर्ध्या तासाने आले. बर्फ न झटकताच दारात उभे राहिले.

"तीन नंबरच्या शिडीवर बर्फ तसंच आहे," ते म्हणाले. "कोणी चढलेलं नाही. तुझा माग पुढे जातो. त्या जुन्या पाइनपाशी."

"तिथे मचाण आहे," आयली म्हणाली. "फळ्यांचं."

"तिथे काही नाही, बाळा. खोडात दोन गंजके खिळे आहेत." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "तुझा माग झाडापर्यंत आहे. तिथून परत येणारा एकच माग आहे. थेट या पायरीपर्यंत. पण तो तुझ्या बुटाचा नाही. माझ्याएवढा आहे."

कढईत सॉसेज जळत होतं. कोणी कढई उतरवली नाही.

"तू उतरलीस कशी, आयली?" आईने विचारलं. "नीट आठव. कडी कुठे काढलीस?"

आयलीने आठवायचा प्रयत्न केला. दोन झटके आठवले. 'बाबा, तुम्ही आहात ना?' आठवलं. त्यानंतर धिरड्याचा वास. मधे शिडी असायला हवी होती. पायऱ्या, गाठ खाली ओढणं, बर्फात पाय टेकणं. तिने पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मधे काहीच नव्हतं.

आजोबांनी कपाटातून एक कप काढला. कॉफी ओतली आणि टेबलाच्या रिकाम्या कडेला ठेवली. कोणासाठी, ते कोणी विचारलं नाही.

"पुरे," आई बाबांकडे वळून म्हणाली. "रेइनो, गाडी काढ. आयली, ती चकती काढ आणि चल घरी. तुझी झाली, सगळ्यांनी पाहिलंय. काढ."

एवढंच तर हवं होतं तिला. हात वर केला की झालं. तिने हात वर केला. बोटं पितळाला लागली. पितळ बर्फासारखं गार होतं.

तेवढ्यात पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, पट्टा ताणला गेला. मचाणावरून पुढे झुकल्यावर झाडाला बांधलेली दोरी आपल्याला मागे धरते, तसा. घट्ट, सांभाळून.

सगळी माणसं तिच्या समोर होती. मागे फक्त भिंत होती.

आयलीने हात खाली घेतला. आश्चर्य म्हणजे आवाज आत्ताही कापला नाही.

"आई, बाबा," ती म्हणाली, "मी चकती काढणार नाही. आधी मला खाली उतरायचंय."